आधी वेळ लिहा : डोक्याचा मार, सीटी स्कॅन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

कर्जत किंवा खालापूर तालुक्यात कुणाच्या डोक्याला जबर मार लागला, तर मेंदूची शस्त्रक्रिया करणारा सर्जन बहुतेक वेळा तालुक्याबाहेर असतो. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. पण इथून पनवेल, कामोठे, नवी मुंबई जवळ पडतं, म्हणून पेशंट तिकडे हलवला जातो. तिथून पुढे गरज पडलीच तर मुंबईत सायन, केईएम किंवा जेजे. पेशंट एकीकडे आणि त्याच्याबद्दल निर्णय घेणारा डॉक्टर दुसरीकडे. संगणकानं सीटी स्कॅन वाचणं, धोक्याचा अंदाज बांधणं, पेशंट वाटेत असतानाच पुढच्या रुग्णालयाला सावध करणं, या सगळ्याची गरज मोठ्या शहरापेक्षा अशा ठिकाणी जास्त आहे. पण संगणक बोलतो ते त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या माहितीवरून. पेशंट कधी पडला, शुद्ध केव्हा हरपली, कोणत्या गोळ्या चालू होत्या, पहिला स्कॅन कुठे आहे, हे घरच्यांना, रस्त्यात थांबलेल्या माणसाला आणि पहिल्या दवाखान्याला माहीत असतं. ते वाटेत गळून पडलं तर उत्तमातलं उत्तम सॉफ्टवेअरही काही करू शकत नाही. ती माहिती कशी जपायची आणि संगणकाच्या उत्तरावर कितपत भिस्त ठेवायची, ते इथे सांगतो.

डोक्याची इजा म्हटलं की आपल्याला घाट आठवतो. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे शिंग्रोबाच्या देवळाजवळ जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून बस दरीत कोसळली आणि १३ जण गेले, ते खोपोलीकर विसरलेले नाहीत. पण इजा फक्त महामार्गावर होत नाही. माथेरानला मोटारींना बंदी आहे. तिथे घोड्यावरून पडलेल्या माणसाला खाली नेरळपर्यंत आणण्यातच वेळ जातो. खांडसच्या बाजूला माणसं आंब्यावरून, ताडावरून पडतात. पेठच्या किल्ल्यावर आणि इर्शाळगडावर मुलं घसरतात, पावसाळ्यात धबधब्यांखाली तर जास्तच. खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत कामगार उंचावरून पडतात. आणि घरोघरी मोरीत पाय सरकून पडणारी म्हातारी माणसं असतात, त्यांची तर कुठे नोंदही होत नाही.

पहिला अर्धा तास

१०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गाडी येईपर्यंत पेशंटला पाणी पाजू नका, चहा देऊ नका, उठवून बसवू नका. डोक्याला जोराचा मार लागलेल्या माणसाची मानही दुखावलेली असू शकते असंच धरून चाला. दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून दवाखाना गाठणं ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे. मानेचा मणका मोडला असेल तर तेवढ्या प्रवासात हातपाय कायमचे जाऊ शकतात. वाडीवरून खाली आणायचंच असेल तर झोळीपेक्षा फळी किंवा दार बरं. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, दोन्ही बाजूंनी कपड्यांच्या गुंडाळ्या लावून डोकं हलणार नाही असं करा. उलटी झाली तर चार जणांनी मिळून अख्खा माणूस एकदम कुशीवर वळवायचा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा.

रस्त्यावर अनोळखी माणूस पडला असेल तरी थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १३४अ नुसार सद्हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

आता वेळ. पेशंट कधी पडला, असं विचारलं की आपण म्हणतो, मघाशी, दिवेलागणीला, गुरं घरी येताना. डॉक्टरला घड्याळातली वेळ हवी असते. तिच्यावर किती अवलंबून आहे याचं एक उदाहरण देतो. २०१९ साली ‘क्रॅश-३’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. २९ देशांतल्या १७५ रुग्णालयांमधले १२ हजारांहून अधिक पेशंट तिच्यात होते. रक्तस्राव थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं, तर सौम्य आणि मध्यम इजा असलेल्यांमध्ये डोक्याच्या इजेनं होणारे मृत्यू कमी झाले. उशीर झाला की हा फायदा घटतो. ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. पण तीन तास कुठून मोजायचे, ते सांगणारं दुसरं कुणी नसतं.

म्हणून मोबाइलमध्ये, हातावर, विडीच्या पाकिटावर, जिथे जमेल तिथे लिहा : पडल्याची वेळ, किती उंचीवरून किंवा कशी धडक बसली, लगेच बेशुद्ध झाला की आधी बोलत होता, उलट्या किती वेळा, झटका आला का. दर पंधरा मिनिटांनी एवढंच पाहा, की डोळे आपणहून उघडतो, हाक मारल्यावर उघडतो, चिमटा काढल्यावर उघडतो, की उघडतच नाही. ज्या ग्लासगो कोमा स्केलवर डॉक्टर ३ ते १५ गुण देतात, त्यातल्या तीन भागांपैकी एक हाच आहे; बाकीचे दोन म्हणजे बोलणं आणि हालचाल. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये तो तयार केला आणि आजचे बहुतेक संगणकी अंदाज त्याच्यावरच उभे आहेत. एका वेळच्या गुणापेक्षा दोन वेळांमधला फरक बोलका असतो. सात वाजता नीट बोलणारा माणूस आठ वाजता बरळायला लागला, ही माहिती डॉक्टरला धावायला लावते. कवटी आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं तेव्हा पेशंट काही काळ चांगला दिसतो आणि मग अचानक ढासळतो, हे ध्यानात ठेवा.

गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, ॲसिट्रोम अशी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर साध्या पडण्यातूनही मोठा रक्तस्राव होतो. वयस्क माणसांत तर पडल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी चाल बिघडते, विसराळूपणा वाढतो, एक हात ढिला पडतो. घरचे वयाला दोष देतात. आत मेंदूवर जुनं रक्त साठलेलं असू शकतं, आणि ते काढून टाकलं की माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. अशा वेळी डॉक्टरला महिन्यापूर्वीचं ते पडणं आठवणीनं सांगा.

स्कॅन वाचणारा संगणक

या विषयातलं एक महत्त्वाचं काम आपल्या शेजारी, मुंबईत झालं आहे. क्युअर डॉट एआय या मुंबईच्या कंपनीच्या संशोधकांनी भारतातल्या सुमारे २० केंद्रांमधून डोक्याचे ३ लाख १३ हजार ३१८ सीटी स्कॅन गोळा केले, त्यांच्यावरून संगणकाला शिकवलं आणि २०१८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. मेंदूतल्या रक्तस्रावाचे पाच प्रकार, कवटीचं फ्रॅक्चर, मेंदूची मधली रेघ सरकणं, मेंदूवर आलेला दाब, एवढ्या गोष्टी तो ओळखू लागला. दिल्लीहून घेतलेल्या ४९१ वेगळ्या स्कॅनवर त्याचं उत्तर तीन अनुभवी रेडिओलॉजिस्टच्या मताशी ताडून पाहिलं गेलं, आणि ते ४९१ स्कॅन इतर संशोधकांसाठी खुले करण्यात आले. हा खुलेपणा मला फार मोलाचा वाटतो; बाहेरच्या कुणालाही तपासता येईल असा दावाच विश्वासाला पात्र असतो. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या सॉफ्टवेअरला मान्यता दिली ती स्कॅनचा अग्रक्रम ठरवण्यासाठी. रांगेतल्या स्कॅनपैकी कोणता आधी पाहावा हे सांगणं, एवढं ते काम आहे.

रात्री दोन वाजता छोट्या रुग्णालयात सीटी होतो आणि रिपोर्ट देणारा रेडिओलॉजिस्ट दुसऱ्या गावातून ऑनलाइन स्कॅन पाहत असतो, तेव्हा या कामाला मोल येतं. त्याच्यासमोर वीस स्कॅन पडलेले असतात. आपला सतरावा असेल तर काही मिनिटांत तो वर येऊ शकतो. शिवाय संगणक मापं काढतो, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय पुष्कळसा मापांवर ठरतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आवरणाबाहेरची रक्ताची गाठ ३० घनसेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, किंवा आवरणाखालचा ताजा थर १० मिलिमीटरपेक्षा जाड असेल अथवा मधली रेघ ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. हे आकडे पेशंट चौकला पोहोचायच्या आत कामोठ्याच्या सर्जनला मिळाले, तर थिएटर तयार ठेवता येतं.

यासाठी तुमच्या हातात एक गोष्ट आहे. सीटी झाल्यावर फिल्मबरोबर स्कॅनची मूळ संगणकी फाइल, म्हणजे डायकॉम फाइल, मागून घ्या. सीडी, पेनड्राइव्ह किंवा लिंक, जे मिळेल ते. स्कॅनच्या प्रत्येक ठिपक्यामागे एक संख्या असते. पाण्याची शून्य, हाडाची हजारापर्यंत, ताज्या रक्ताची या दोहोंच्या मधली. सीटी यंत्र बनवणाऱ्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावानं ती मोजतात. संगणक आणि सर्जन दोघेही या संख्यांकडे पाहतात. उजेडात धरून मोबाइलनं काढलेल्या फिल्मच्या फोटोत त्या उरत नाहीत. पातळ थराचं रक्त त्यात सहज हरवतं. घाईत व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणं चूक नाही, तेवढ्यानंही पुढचा डॉक्टर सावध होतो. फक्त त्यावर थांबू नका. फाइलवर पेशंटचं नाव आणि स्कॅनची वेळ बरोबर आहे ना, हे तिथेच पाहा. पुढच्या रुग्णालयात पुन्हा सीटी सांगितला तर तो पैशांसाठीच आहे असं समजू नका; रक्त वाढतंय का हे दोन स्कॅनच्या तुलनेतूनच कळतं. आधीची मूळ फाइल हातात असेल तर ती तुलना लगेच होते.

अर्धांगवायूच्या झटक्यातही हेच लागू आहे. रक्तवाहिनीतली गुठळी तारेनं ओढून काढण्याची वेळ काही निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत वाढली ती २०१८ च्या ‘डॉन’ आणि ‘डिफ्यूज-३’ या चाचण्यांमुळे, आणि मेंदूचा किती भाग अजून वाचवण्याजोगा आहे हे मोजायला त्यांत सॉफ्टवेअरच वापरलं होतं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची नेहमीची मुदत मात्र साडेचार तासांचीच आहे. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ सांगा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर रात्री झोपतानाची वेळ.

‘नॉर्मल’ आलं म्हणजे काय

संगणकानं रक्तस्राव नाही असं दाखवलं आणि माणूस मात्र गुंगत चाललाय, तर माणसाकडे पाहा. अगदी पातळ थर, मेंदूच्या मागच्या खालच्या भागातलं रक्त, आणि काही आठवड्यांनी मेंदूच्याच रंगाचं झालेलं जुनं रक्त संगणकाला चकवू शकतं. उलट बाजूनं, मेंदूत साठलेलं कॅल्शियम किंवा पेशंट हलल्यामुळे आलेल्या रेघा त्याला रक्तासारख्या वाटू शकतात. शिवाय मार लागल्यानंतर लगेच काढलेल्या स्कॅनमध्ये जे नव्हतं ते सहा तासांनी दिसू शकतं. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, एका डोळ्याची बाहुली मोठी होणं, एका बाजूची ताकद जाणं, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, बरळणं, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्ट खिशात ठेवून पुन्हा दवाखाना गाठा.

मोबाइलवरच्या गप्पा मारणाऱ्या एआयला स्कॅनचा फोटो टाकून विचारण्याची सवय वाढते आहे. रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ समजून घ्यायला ती मदत घ्या, हरकत नाही. घरी थांबू की दवाखान्यात जाऊ, हे मात्र त्याला विचारू नका. ते सॉफ्टवेअर या कामासाठी तपासलेलं नसतं, आणि ठामपणे चुकीचं सांगू शकतं. फोटोवर पेशंटचं नाव असेल तर ते झाका.

कधी कधी सर्जन टक्केवारी सांगतात. हे आकडे हवेतले नसतात. ‘क्रॅश’ अभ्यासातल्या १०,००८ पेशंटवरून २००८ साली एक गणित मांडलं गेलं; वय, कोमा स्केलचे गुण, बाहुल्यांची हालचाल, शरीराला इतरत्र असलेली मोठी इजा आणि सीटीतल्या खुणा घालून १४ दिवसांतला मृत्यू आणि सहा महिन्यांनंतरची अवस्था यांचा अंदाज त्यातून निघतो. श्रीमंत देशांसाठी आणि इतर देशांसाठी त्याची वेगवेगळी रूपं करावी लागली, यावरूनच कळतं की इजा तीच असली तरी ठिकाणाप्रमाणे नशीब बदलतं. हा अंदाज तशाच शेकडो पेशंटच्या अनुभवाचा असतो. समोरचा एक माणूस कोणत्या बाजूला पडेल हे तो सांगत नाही. केवळ एक टक्केवारी ऐकून सही करून पेशंटला घरी नेऊ नका. आणखी किती दिवस वाट पाहिली तर चित्र स्पष्ट होईल, एवढं डॉक्टरांना विचारा.

इथल्या डॉक्टरांना आणि कारखान्यांना

तालुक्यातल्या रुग्णालयानं असं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं तर विक्रेत्याला आधी विचारावं, की हे भारतीय पेशंटवर, आमच्यासारख्या यंत्रावर कुठे तपासलंय? इंटरनेट तुटलं तर काय होतं? चुकलं तर नोंद कुठे करायची? अचूकतेच्या आकड्याचा हिशोबही स्वतः मांडून पाहावा. समजा एखादं सॉफ्टवेअर रक्तस्राव असलेल्या १०० पैकी ९५ जणांना ओळखतं आणि नसलेल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर सोडतं. १,००० स्कॅनमध्ये १०० जणांना रक्तस्राव असेल, तर ९५ सापडतील, ५ सुटतील आणि चांगल्या ९० जणांसाठी उगाच घंटा वाजेल. त्या पाचांसाठी माणसाची नजर कोण देणार, हे ठरल्याशिवाय यंत्र चालू करू नये. आणि इशारा येतो तो फोन रात्री कोणाच्या खिशात असेल, हे तर नावानिशी ठरलं पाहिजे. माझ्या मते या तंत्रज्ञानाचं यश यंत्राच्या हुशारीपेक्षा या एका फोनवर जास्त अवलंबून आहे.

कारखान्यांनी, ट्रेक नेणाऱ्या मंडळांनी आणि ग्रामपंचायतींनी जवळचं रात्री चालू असणारं सीटी केंद्र आणि न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय कोणतं, हे आजच फोन करून विचारावं आणि भिंतीवर लावावं. बदललं की खोडून नवीन लिहावं.

पैसे आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि मेंदूच्या शस्त्रक्रियाही त्यात येतात. पुढच्या रुग्णालयात शिरताच या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेवा. रस्ते अपघातासाठी २०२५ पासून केंद्राची वेगळी रोकडरहित योजना आहे, अपघातापासून सात दिवस, दीड लाखांपर्यंत. तिच्यासाठी अपघाताची पोलिसांकडे नोंद हवी, म्हणून ११२ ला कळवायला विसरू नका. ज्या संगणकीय नोंदप्रणालीत पोलीस हे भरतात, तिची सुरुवात ज्या सहा राज्यांपासून झाली त्यात महाराष्ट्र होता; घाटातलं कोणतं वळण माणसं मारतं, हेही त्याच नोंदींतून कळतं. घरी सोडताना सगळ्या कागदांच्या आणि स्कॅनच्या प्रती मागा. मागणी केल्यावर ७२ तासांत त्या देणं वैद्यकीय परिषदेच्या नियमांनी डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

सहा महिन्यांनंतर

केईएम आणि सायन ही मुंबईची दोन रुग्णालयं, दिल्लीचं जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम यांनी मिळून २०१३ पासून सोळा हजारांहून अधिक जखमींच्या नोंदी ठेवल्या. आपल्याकडच्या जखमींचं काय होतं, हे सांगणारं इतकं मोठं काम भारतात क्वचितच झालं आहे. अशा नोंदींची मोठी अडचण पुढची आहे : पेशंट घरी गेला की त्याचं काय झालं ते कळत नाही. संगणकाला शिकायचं असतं ते हेच, की अमुक इजेचा माणूस सहा महिन्यांनी कामावर गेला का, स्वतःच्या हातानं जेवतो का. शहरातला पेशंट फेरतपासणीला येतो, त्याचं उत्तर नोंदलं जातं. कर्जतच्या वाडीवरचा कातकरी माणूस दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेला असतो, फोन बंद असतो. मग संगणक शहरातल्या पेशंटवरूनच शिकतो आणि आपल्या माणसाचा अंदाज तेवढाच कच्चा राहतो.

म्हणून घरी सोडताना रुग्णालयात दोन नंबर द्या : एक घरचा आणि एक गावात कायम असणाऱ्या कुणाचा, शक्यतो आशाताईंचा, त्यांना विचारून. पेशंटचं कुटुंब स्थलांतर करणार असेल तर भट्टी कोणत्या गावी आहे तेही लिहून घ्यायला सांगा. माहिती संशोधनासाठी वापरणार असतील तर तसं विचारून संमती घेतली पाहिजे. नाही म्हटलं तरी उपचार तसेच मिळाले पाहिजेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या मुळाशीही संमतीच आहे. फोन आला तर ‘बरा आहे’ म्हणून ठेवून देऊ नका. झटके येतात का, चिडचिड वाढली का, रस्ता चुकतो का, शेतावर किंवा कामावर परत गेला का, आणि माणूस गेला असेल तर कधी आणि कशानं, हे सांगा. आशाताईंनी भेटीच्या वहीत हे प्रश्न लिहून ठेवले, तर फोन कुणीही उचलला तरी उत्तर तयार असेल.